स्वयंपाक न येणाऱ्या बाईचं स्वयंपाकघर

मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये आज जे जे दाखवतात, त्यातलं बरंचसं १९२६ साली फ्रँकफुर्टमध्ये एका एकोणतीस वर्षांच्या बाईने कागदावर उतरवलं होतं. तिचं नाव मार्गारेटे लिहोत्स्की, पुढच्या वर्षी लग्न झाल्यावर शुटे-लिहोत्स्की. गंमत अशी, की तिला स्वयंपाक येत नव्हता. तोवर आपण घर चालवलं नव्हतं, चुलीपाशी कधी उभ्या राहिलो नव्हतो, हे तिने म्हातारपणी स्वतःच सांगितलं. सांगताना संकोच नव्हता, असलाच तर वैताग होता. लोक उठून-सुटून हेच विचारणार असं माहीत असतं तर ते मेलं किचन मी केलंच नसतं, अशा अर्थाचं तिचं एक वाक्य पुढे फार गाजलं. म्हणजे वैतागलेलं वाक्यसुद्धा किचनचंच गाजलं.

मी तिच्यापर्यंत पोचले ती नेरूळच्या आमच्या जुन्या फ्लॅटमुळे. कडाप्पाचा ओटा उखडून नवा करायचा ठरलं, तेव्हा मिस्त्रींनी उंची मला न विचारताच सांगितली: बत्तीस इंच. सगळीकडे तेवढीच असते म्हणाले. ही ‘सगळीकडे’ची उंची कुणाच्या कोपरावरून आली असेल, या कुतूहलाने वाचायला लागले आणि ओट्यावरून थेट व्हिएन्नात जाऊन पडले.

व्हिएन्नात १८९७ च्या जानेवारीत तिचा जन्म झाला. वडील सरकारी नोकर, घर उदारमतवादी. १९१५ साली ती तिथल्या कलाउद्योग विद्यालयात शिरली, त्यासाठी चित्रकार गुस्टाव्ह क्लिम्टचं शिफारसपत्र कामी आलं होतं. त्या शाळेत वास्तुकला शिकणारी ती पहिली मुलगी. एखाद्या बाईला कुणी घर बांधायला देईल हे त्या काळात कुणालाच खरं वाटलं नसतं, मलासुद्धा नाही, असं तिने पुढे म्हटलंय. त्यातलं ‘मलासुद्धा नाही’ मला फार प्रामाणिक वाटतं. आपण अशा बायकांच्या गोष्टी सांगताना त्यांना पाळण्यातूनच ध्येयवेड्या करून टाकतो. हिला फक्त ते काम आवडलं होतं.

कामगारांच्या घरांची एक स्पर्धा होती. तिचे शिक्षक ओस्कार श्ट्रनाड यांनी तिला बजावलं की एक रेघ ओढायच्या आधी कामगारांच्या वस्त्यांमध्ये जा आणि लोक राहतात कसे ते बघून ये. ती गेली. पहिलं महायुद्ध चालू होतं, व्हिएन्नात एकेका खोलीत सात-सात, आठ-आठ माणसं राहत होती. चूल तिथेच, जेवण तिथेच, अंथरूणही तिथेच, कारण हिवाळ्यात ऊब देणारी जागा ती एकच. गिरणगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आमची आई तशाच खोलीत वाढली. स्वयंपाक उरकला की चुलीजवळची जागा पुसून, वाळवून तिथे गादी पडायची. पुढे तिच्या माहेरी स्टो आला तरी जागा तेवढीच राहिली.

श्ट्रनाडचा तो सल्ला तिने आयुष्यभर सोडला नाही. तिच्या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. आधी जाऊन बघणं, मग मोजणं, मग आखणं. युद्ध संपल्यावर व्हिएन्नाच्या कडेला बेघर लोकांनी स्वतःच वसाहती बांधायला घेतल्या, तेव्हा तिने आडोल्फ लोससारख्या मोठ्या वास्तुकारासोबत त्यांच्यासाठी काम केलं. त्याच सुमारास क्षयाने आई-वडील गेले. तिलाही क्षय झाला, सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. त्यातून उठली आणि १९२६ मध्ये फ्रँकफुर्ट शहराच्या बांधकाम खात्याचे प्रमुख एर्न्स्ट माय यांनी तिला बोलावून घेतलं.

शहराला घरं हवी होती, हजारोंनी आणि स्वस्तात. जागा कमी, त्यामुळे स्वयंपाकघर जितकं लहान तितकं बरं. पण लहान म्हणजे नुसतं आक्रसलेलं नव्हे. तिने रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर अभ्यासलं. तिथे एवढ्याशा बोळात दोन-चार माणसं गाडीभर प्रवाशांचं जेवण करतात, कारण प्रत्येक गोष्ट हात लांबवला की सापडते. अमेरिकेतल्या क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी कारखान्यातली कामाची मोजमापं घरकामाला लावून एक पुस्तक लिहिलं होतं. त्याचा जर्मन अनुवाद तिने वाचला होता. मग स्टॉपवॉच घेऊन ती घरकामाकडे वळली. बाई किती पावलं चालते, किती वेळा वाकते, वळते, कुठे थांबते, सगळं टिपलं.

त्यातून निघालं ते १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर. आपल्या हिशेबात सव्वासहा फूट बाय अकरा. एका अंगाला शेगडी. समोर खिडकी, खिडकीखाली कामाचं टेबल, म्हणजे उजेड थेट हातावर. टेबलाला एक खाच आणि तिच्याखाली काढता येणारं कचऱ्याचं पात्र. भाजीची सालं हाताने ढकलली की थेट आत. भांडी घासून ठेवायला सिंकच्या बाजूला निथळणारी मांडणी, म्हणजे पुसायचे कष्ट वाचले. इस्त्रीची फळी भिंतीला बिजागरीवर, हवी तेव्हा पाडायची. छताला पट्टीवर सरकणारा दिवा. फिरकीचं, उंची कमीजास्त होणारं स्टूल. अॅल्युमिनियमचे खणासारखे डबे, त्यांना मूठ आणि चोच, बाहेर काढून तसेच भांड्यात ओतायचे. प्रत्येकावर नाव कोरलेलं: तांदूळ, साखर, रवा. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण ओकच्या लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे अळ्या दूर राहतात. कापायच्या फळीला बीच लाकूड, सुरीचे घाव सोसणारं. सगळ्या कपाटांना निळसर हिरवा रंग, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असा तेव्हाचा समज होता. आणि बाजूच्या खोलीत उघडणारं एक सरकतं दार, म्हणजे आईला काम करताना मूल दिसत राहावं.

‘फ्रँकफुर्ट किचन’ म्हणून ओळखलं जाणारं हे स्वयंपाकघर सुमारे १०,००० घरांत बसलं. कारखान्यात तयार होऊन, घर बांधतानाच भिंतीत बसवून. फर्निचर वेगळं घ्यायचं नाही, त्याचा खर्च बांधकामात धरला आणि भाड्यात वाटून टाकला. या हिशेबाकडे फारसं कुणी बघत नाही, पण तिच्या डब्यांपेक्षाही मला ते हुशार वाटतं. कामगाराच्या बायकोला ओकचा खण परवडला तो असा.

आईला मी फोनवर त्याचे फोटो दाखवले. तिने चष्मा वर करून बघितले. डबे आवडले, कचऱ्याची खाच तर फारच. मग म्हणाली, “अगं पण दोघी मावणार कशा त्यात?”

मी हसले, पण १९२७-२८ मध्ये फ्रँकफुर्टच्या बायकांची तक्रार नेमकी हीच होती. त्यात एकीलाच काम करता येई. सासू-सून, मायलेकी, नवरा मदतीला आला तर तो, कुणालाच जागा नाही. जुनी जेवणाची टेबलं त्यात घुसवायचा लोकांनी प्रयत्न केला, ती मावली नाहीत. शहराने शेवटी हे स्वयंपाकघर कसं वापरायचं हे दाखवणारा छोटा चित्रपटसुद्धा काढला. आईचा दुसरा आक्षेप मला जास्त खोल वाटला. डब्यांवर नावं कोरलेली बघून ती म्हणाली, “आणि साखरेच्या डब्यात मला शेंगदाणे ठेवायचे असले तर?”

१९७० नंतरच्या स्त्रीवादी अभ्यासकांनी आईचंच म्हणणं मोठ्या शब्दांत मांडलं. पूर्वी घराच्या मध्यभागी, माणसांत बसून होणारं काम या स्वयंपाकघराने एका बंद खोलीत नेलं, बाईला एकटं पाडलं, आणि तिचं काम कार्यक्षम करून ते तिचंच आहे हे पक्कं करून टाकलं. हे खोटं नाही. सव्वासहा फुटांच्या रुंदीत एकच माणूस उभा राहणार, आणि तो माणूस कोण हे रुंदीनेच ठरवलं.

तरी मी तिच्या बाजूने आहे, निदान बरीचशी. कारण तिच्याआधी हे काम मोजणारे फार थोडे होते. कारखान्यात स्टॉपवॉच आलं की कामगाराला धडकी भरते, वाचलेलं मिनिट मालकाच्या खिशात जाणार हे त्याला ठाऊक असतं. घरात वाचलेलं मिनिट कुणाचं? तिचा हिशेब असा होता की ते बाईचं. तिने ते वाचनाला द्यावं, नोकरीला द्यावं, युनियनच्या सभेला द्यावं. आपल्याकडे मिक्सर आला तेव्हा वाचलेल्या अर्ध्या तासाचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. ‘आता मिक्सर आहेच तर ओली चटणीपण कर.’

आणि हे स्वयंपाकघर म्हणजे तिचं सगळं उत्तर नव्हतंच. फ्रँकफुर्टमध्येच तिने सामायिक धुलाईघरं आखली, नोकरी करणाऱ्या एकट्या बायकांसाठी लहान फ्लॅट आखले, प्राउनहाइमच्या वसाहतीसाठी बालवाडी आखली. ती बालवाडी बांधलीच गेली नाही. मूल दिवसभर सांभाळायला कुणी नसेल तर ओट्यापाशी वाचवलेल्या पावलांचं बाईने करायचं काय, हे तिला कळत होतं. शहराने स्वस्त पडला तेवढा अर्धा भाग बांधला, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या अर्ध्यावर तिला जोखलं. मोलकरीण असलेल्या घरांसाठी तिने याचे मोठे प्रकारही काढले होते, पण हजारोंनी बसला तो बिनमोलकरणीचा.

तिच्या त्या स्टुलावर मात्र माझा जीव अडकला. माझी आजी पाटावर बसून स्वयंपाक करायची. विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, पोळपाट जमिनीवर. मग गॅस आला, ओटा आला आणि बायका उभ्या राहिल्या. ती मोठी सुधारणा मानली गेली, आणि होतीही. धुरात उकिडवं बसणं गेलं, सारखं उठणं-बसणं गेलं. पण त्या नादात बसणंच गेलं. आईच्या पिढीचे गुडघे आणि पोटऱ्यांवरच्या शिरा बघितल्या की वाटतं, ओटा उभारणाऱ्या कुणालाही एक स्टूल सुचू नये? १९२६ साली स्वयंपाक न येणाऱ्या बाईला सुचलं, कारण तिने बायकांचे पाय मोजले होते. आमच्याकडे आजही बसून भाजी चिरणाऱ्या बाईला ‘आरामात चाललंय’ असं ऐकवतात.

एर्न्स्ट माय हुशार माणूस. बायकांसाठीचं स्वयंपाकघर एका बाईने आखलंय, ही जाहिरात त्यांनी झकास केली. बाई म्हणजे चूल तिला कळणारच, हे लोकांना लगेच पटलं. तिला पुढे याचाच राग होता. मी पद्धतशीर विचार करणारी वास्तुकार म्हणून ते केलं, गृहिणी म्हणून नव्हे, असं ती सांगत राहिली. पुरुषाने कारखाना आखला तर त्याला यंत्र चालवता येतं का असं कुणी विचारत नाही.

आपल्या मुंबईत पेरीन जमशेदजी मिस्त्री यांनी १९३६ साली जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेतली. ती घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव सांगतात. वडिलांच्याच फर्ममध्ये त्या भागीदार झाल्या. त्यांच्या कामांत बोरिवलीची खटाव मिल आहे, कंबाला हिलवरचं सेंट स्टीफन्स चर्च आहे. मिल आणि चर्च. चुलीच्या वाटेने न गेल्यामुळेच की काय, त्यांचं नाव वास्तुकलेच्या वर्गाबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. वास्तुकार प्रवीणा मेहतांचं तर मला जास्तच लागतं. १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायची कल्पना तिघांनी मिळून मांडली: चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. १९७० मध्ये ते शहर वसवणारी सरकारी संस्था सिडको स्थापन झाली, शहर उभं राहिलं, आणि गप्पांमध्ये त्या तिघांतलं एकच नाव जास्त करून उरलं. मी ज्या शहरात राहते ते सुचवणाऱ्यांत एक बाई होती, हे मला आमच्या विभागाच्या एकाही फलकावर वाचायला मिळालेलं नाही. म्हणजे एकीला किचनपुरतं लक्षात ठेवलं आणि दुसरीला अख्ख्या शहराएवढं काम असून विसरलं. यातलं बरं काय, हे मला ठरवता येत नाही.

१९३० मध्ये माय आपला गट घेऊन सोव्हिएत संघात गेले, नवी औद्योगिक शहरं आखायला. ती आणि तिचा नवरा विल्हेल्म शुटे त्यात होते. मॅग्निटोगोर्स्कसारखी शहरं रिकाम्या माळावर उठत होती आणि तिच्याकडे पाळणाघरं, बालवाड्या, मुलांचं फर्निचर आलं. स्वयंपाकघराबाहेरचं तिचं जे उरलेलं उत्तर, ते इथे प्रत्यक्ष बांधलं गेलं. स्टालिनच्या राजवटीत वातावरण फिरलं तशी १९३७ मध्ये ती दोघं बाहेर पडली आणि पॅरिस, लंडन करत १९३८ मध्ये इस्तंबूलला पोचली. तिथे अनातोलियातल्या खेडेगावांसाठी तिने शाळांचे नमुने आखले, गावकऱ्यांना स्थानिक सामानात बांधता येतील असे.

तोवर ऑस्ट्रिया हिटलरने गिळला होता. इस्तंबूलमध्ये तिची ओळख हर्बर्ट आइशहोल्त्सर या वास्तुकाराशी झाली. तो नाझींविरुद्ध गुप्तपणे काम करत होता. ती ऑस्ट्रियन कम्युनिस्ट पक्षात गेली, आणि १९४० च्या डिसेंबरात, सुरक्षित तुर्कस्तान सोडून, नाझींविरुद्धच्या गुप्त कामाचा निरोप पोचवायला स्वतःहून व्हिएन्नात परतली. महिनाही झाला नव्हता. १९४१ च्या २२ जानेवारीला, चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे गेस्टापोने, तिला एका कॅफेत पकडलं. सरकारी वकिलाने फाशी मागितली. आइशहोल्त्सरला ती झालीही, १९४३ मध्ये. तिला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. बव्हेरियातल्या आइशाखच्या तुरुंगातून १९४५ च्या एप्रिलअखेर अमेरिकन सैन्याने तिला सोडवलं.

फ्रँकफुर्ट किचनवरच्या बहुतेक लेखांत हा भाग शेवटच्या एखाद्या ओळीत येतो. मला तो वाचताना थांबावं लागलं. पावलं आणि मिनिटं मोजणारी ही बाई; जगण्या-मरण्याचा हिशेब करायची वेळ आली तेव्हा तिने तो केलाच नाही, किंवा केला आणि तरीही गेली.

युद्धानंतर वर्षभर बल्गेरियात काम करून १९४७ मध्ये ती व्हिएन्नात आली. शहर अर्धं पडलेलं, वास्तुकारांना कामच काम. तिला मात्र नाही. शीतयुद्ध चालू झालं होतं आणि ती कम्युनिस्ट होती. नगरपालिकेने तिला पुढच्या कितीतरी वर्षांत जी मोजकी कामं दिली, त्यांत दोन बालवाड्या होत्या; एक पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची, दुसरी साठच्या. नाझींनी तुरुंगात टाकलं आणि लोकशाहीने बाकावर बसवून ठेवलं. पन्नाशीतल्या, चांगल्या हाताच्या वास्तुकाराला काम न देणं हीसुद्धा शिक्षाच की. तिने प्रदर्शनं भरवली, बायकांच्या आणि शांततेच्या चळवळीत काम केलं, चीन, क्यूबा, पूर्व जर्मनी इथे सल्लागार म्हणून गेली.

मग ऐंशीच्या दशकात जगाला तिची आठवण झाली, अर्थात किचनची. संशोधक आले, मुलाखती झाल्या. व्हिएन्नाच्या संग्रहालयात तिच्याच देखरेखीखाली त्याची प्रतिकृती उभी राहिली. पुढे २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने फ्रँकफुर्टच्या एका वसाहतीतून निघालेलं मूळ स्वयंपाकघर मिळवलं. तोवर ती गेलेली होती.

१९८८ साली ऑस्ट्रियाने तिला कला आणि विज्ञानासाठीचा मोठा सन्मान देऊ केला. तो राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मिळणार होता. राष्ट्राध्यक्ष होते कुर्ट वाल्डहाइम, ज्यांनी जर्मन सैन्यातल्या आपल्या युद्धकाळाबद्दल बरंच काही झाकून ठेवल्याचं तेव्हा उघड झालं होतं. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईने नाही म्हणून कळवलं. वाल्डहाइम गेले, १९९२ साल उजाडलं, तेव्हा पंचाण्णवाव्या वर्षी तिने तो घेतला. इतकी वर्षं हातात आहेत असं समजून सरकारला ताटकळत ठेवण्याची ही ऐट मला त्या पिठाच्या खणाहून जास्त आवडते.

१९९७ मध्ये शंभरीच्या समारंभात ती व्हिएन्नाच्या महापौरांबरोबर वॉल्ट्झ नाचली. २००० च्या जानेवारीत, एकशेतिसरा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, गेली. त्या शंभरीच्या सुमारास ती म्हणाल्याचं सांगतात की एखाद्या श्रीमंत माणसाचं घरही एकदा बांधायला आवडलं असतं. आयुष्यभर कामगारांसाठी, एकट्या बायकांसाठी आणि मुलांसाठी काटकसरीने चौरस मीटर मोजले. एकदा हात मोकळा सोडून रेघ ओढावीशी वाटली असेल तर त्यात नवल नाही. त्या घराच्या नकाशात मोलकरणीची खोली तिने कुठे काढली असती, तिला खिडकी किती मोठी दिली असती, एवढं मात्र बघायला मिळायला हवं होतं.